मृगाआधी गाडीचे टायर

आम्ही पाटण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. आज पापड-लोणच्यावर नाही, कर्जाच्या हप्त्यावर नाही, तर गाडीच्या टायरवर बोलणार आहोत. हसू नका. आपल्यापैकी कितीतरी गटांनी आता गाड्या घेतल्यात. कुणाच्या घरी टेम्पो आहे, कुणाच्या घरी वडापची गाडी. टायर कधी बदलायचे आणि कुठले घ्यायचे, हे मात्र सगळं टायरवाल्यावर नाहीतर ड्रायव्हरवर सोडलेलं असतं. पैसे आपले, आत बसणारी माणसंही आपली. मग टायर आपल्याला कळायला नकोत का?

आमच्या गटाची सात आसनी गाडी आहे. पिवळ्या पाटीची, परमिटची. कॉलेजच्या मुली तिच्यातून जातात, कऱ्हाडच्या बाजाराला भाजी घेऊन बायका जातात, आणि रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई दवाखान्यात न्यायची झाली तरी तीच गाडी निघते. रस्ता चढ-उताराचा, आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस कसा असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. म्हणून आम्ही दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी उभी करून टायर बघतो. मृगाचा पाऊस यायच्या आत काम उरकलेलं बरं.

आधी टायर पावसात काय काम करतो ते बघू. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चार चाकांचे चार तळहात, त्यावर अख्खी गाडी. कोरड्या रस्त्यावर रबर डांबराला धरून असतं. रस्त्यावर पाणी आलं की ते टायर आणि रस्ता यांच्या मध्ये शिरतं. टायरवरची नक्षी शोभेची नसते. तिच्या खाचांतून ते पाणी बाजूला फेकलं जातं. खाच उथळ झाली की पाणी जायला जागा राहत नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतो. मग ब्रेक दाबा की स्टेअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. शेवाळलेल्या फरशीवर गुळगुळीत चप्पल घालून चाललं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. तसंच हे.

आता खाच मोजायची कशी? काडीपेटीतली एक काडी घ्या. खाचेत तळापर्यंत उभी धरा, टायरच्या वरच्या कडेपाशी नखाने खूण करा, आणि ती काडी पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. पट्टी सरळ खाचेत घालू नका, कारण पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. कायद्याने चारचाकीला ती १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण हा झाला कायदा. पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर माणसं भरलेल्या गाडीला लावू नये, असं जाणकार सांगतात आणि आम्हीही तोच आकडा धरतो. आत, मध्ये आणि बाहेर, तीन जागी मोजा. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते. मधला भाग जास्त झिजला तर हवा जास्त होते. एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. म्हणजे गाडी कशी वापरली जाते, ते टायरच सांगतो.

दुसरी गोष्ट टायरचं वय. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२२ असेल तर २०२२ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. रबर पडून राहिलं तरी कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, टायर काढावा, असं टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. दुकानात नवा टायर घेतानाही हे चार आकडे आधी वाचा. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचतो, तशीच ही.

यंदा आमच्या गाडीचं काय निघालं ते सांगतो. पुढचे दोन टायर दोन मिलिमीटरवर आले होते. मागचे दोन साडेचार मिलिमीटर, चारही २०२२ सालचे, कुठे चीर नाही, फुगवटा नाही. स्टेपनीवर मात्र ०९१५ लिहिलेलं. नक्षी नव्यासारखी, पण दहा वर्षं उलटून गेलेली आणि बाजूला चिराच चिरा. गाडीच्या खात्यात शिल्लक होती चौदा हजार. आणि त्याच महिन्यात गटातल्या तिघींना बियाण्याला-खताला पैसे हवे होते.

त्यावरून बैठकीत चांगलीच चर्चा झाली. एक म्हणाली, चारही टायर एकदम बदला, त्यासाठी गटाच्या खात्यातून उचला. दुसरी म्हणाली, पेरणी थांबेल का टायरसाठी? दोघींचंही खरंच होतं. कुणी सुचवलं, रिमोल्ड टायर निम्म्या पैशात मिळतात, ते लावू. घरच्या एका भावजींनी दारातूनच विचारलं, बायका कधीपासून टायर निवडायला लागल्या? त्यांना चहा दिला आणि बैठक पुढे चालू ठेवली.

मग आम्ही एकेक गोष्ट तपासली. रिमोल्ड म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर. ट्रकच्या मागच्या चाकांना चांगल्या कारखान्यातून केलेले असे टायर चालतात. पण आपल्या लहान गाडीला आतला सांगाडा किती जुना, किती ठेचलेला, हे बाहेरून दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे कटिंग मारलेला टायर. गुळगुळीत झालेल्या टायरवर हत्याराने खाचा कोरून, वर काळा रंग मारून तो विकतात. त्यात खाचेखाली रबरच उरलेलं नसतं. जुन्या बाजारात चकचकीत टायर स्वस्तात दिसला तर दोन वेळा विचार करा. हे दोन्ही प्रकार आम्ही पहिल्याच फेरीत बाद केले.

दुकानात गेल्यावर वेगळाच सल्ला मिळाला. ताई, रुंद टायर घ्या, सोबत अलॉय व्हील घ्या, गाडी उठून दिसेल आणि पावसात पकडही वाढेल. इथे टायरवरचे आकडे कामाला आले. आमच्या टायरवर लिहिलंय १८५/६५ आर १५, आणि पुढे ८८ एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के टायरची उंची, साधारण बारा सेंटिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे पंधरा इंची रिम, ज्याला आपण डिस्क म्हणतो. ८८ हा भाराचा आकडा, एका टायरने ५६० किलोपर्यंत भार पेलायचा. एच हे वेगाचं अक्षर. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा खालचं कधी घेऊ नये. सात माणसं आणि वर भाजीच्या पाट्या असतात, तिथे भाराचा आकडा फार महत्त्वाचा.

रुंद टायरबद्दल म्हणाल तर पाण्यात रुंद टायर जास्त लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. मोठी डिस्क घातली की टायरची उंची कमी करावी लागते, आणि खड्ड्याचा दणका झेलायला रबरच कमी उरतं. आमच्या रस्त्याला आधीचंच माप बरं. डिस्कचंही तसंच. अलॉय दिसायला छान, वजनाला हलकं, पण खड्ड्यात जोरात आपटलं तर तडकू शकतं. लोखंडी डिस्क बहुतेक वेळा वाकते, आणि नवी घ्यायची झाली तरी स्वस्त पडते. लोखंडी डिस्कची काळजी एकच, गंज. टायर जिथे डिस्कला बसतो ती कड गंजली की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जात राहते. टायर बदलताना ती कड घासून घ्या आणि हवा भरायचा व्हॉल्व्हही नवा बसवा. खर्च थोडा, पण रात्रीचा खोळंबा वाचतो.

आमच्या एका ताईंची लेक कॅनडात माँट्रियलला असते. तिने सांगितलं, त्यांच्याकडे थंडीत गाडीचे टायरच बदलतात. तिच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावर डोंगराची तीन शिखरं आणि हिमकण अशी खूण असते. पुष्कळ कुटुंबं जास्तीच्या लोखंडी डिस्क घेऊन त्यावर हे टायर चढवूनच ठेवतात. थंडी आली की नुसते नट खोलून चाकं बदलायची. आपल्याला ते टायर नकोत. आपल्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजेल. पण त्यांचा विचार घेण्यासारखा आहे. जसा रस्ता आणि जसा ऋतू, तसा टायर. त्यांचा ऋतू बर्फाचा, आपला पावसाचा. म्हणून दुकानात आम्ही चकाकी नाही बघितली. बघितलं ते एवढंच, की टायरला सरळ गोल फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा आहेत का, आणि बाजूने पाणी निघायला वाटा आहेत का.

शेवटी ठरलं ते असं. नवे टायर दोन, आधीच्याच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. बैठकीतला सगळ्यात मोठा वाद पुढे होता, नवे टायर लावायचे कुठे? आमच्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून ड्रायव्हर दादा म्हणाले नवे पुढेच हवेत. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे. नवे मागे लावा. कारण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला स्टेअरिंगमध्ये ते जाणवतं, पाय उचलला की गाडी पुन्हा ताब्यात येते. मागची चाकं घसरली तर गाडी मागून फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. दरीच्या बाजूला असं झालं तर काय, ते सांगायला नको. दादांनाही ते पटलं. नवे मागे गेले, मागचे साडेचार मिलिमीटरचे पुढे आले. दोन मिलिमीटरच्या दोघांतला एक बरा टायर स्टेपनीला ठेवला, पण तो फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचायला. उरलेले दोन टायर दिवाळीनंतर घ्यायचे, असा ठराव वहीत लिहिला. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून खर्च बारा हजारांच्या आत बसला, आणि तिघींचं बियाण्याचं कर्जही वेळेवर गेलं.

हवेबद्दल एक गैरसमज आहे तोही सांगतो. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं पुष्कळ जण म्हणतात. ओल्या डांबरावर हे उलट आहे. कमी हवेचा टायर मध्ये दबतो, खाचा मिटतात आणि पाणी अडकतं. हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, तेवढी भरू नका. गाडी भरलेली जाणार असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा धरा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा, पंधरा दिवसांतून एकदा, आणि स्टेपनीचीही.

आणि जुने टायर अंगणात टाकू नका. त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास नेमका तिथेच अंडी घालतो. टायर पोरांच्या झोक्याला वापरायचा असेल तर खालच्या बाजूला भोकं पाडा, नाहीतर भंगारवाल्याला द्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. घरात किंवा गटात जी गाडी असेल तिच्या पाचही टायरच्या खाचा काडीने मोजा. चार आकडे वाचा. दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा वहीत लिहून ठेवा. बाजूला चीर किंवा फुगवटा दिसला तर तो टायर पावसात वापरू नका. आणि पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीत एक पान टायरचं करा, कधी घेतला, कुठे लावला, किती खाच उरली. गाडी घ्यायला आपण वर्षानुवर्षं पै-पै साठवली. काडी घेऊन टायर मोजायला दहा मिनिटं लागतात.

पाऊस चांगला पडो, पेरणी साधो, आणि घाटातून सगळ्या सुखरूप घरी येवोत. रामराम.