गस्त घाला, पण कायद्यात राहून

चोरीच्या बातम्या आल्या की गावोगावी पोरं काठ्या घेऊन रात्रीच्या गस्तीला निघतात. आपल्यालाही धीर येतो. पण या पोरांना कायद्यानं अधिकार किती? आज तेवढंच बोलू.

नागरिकांचं दल ही काही नवी गोष्ट नाही. डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या काळात मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंनी पोलिसांच्या मदतीला होमगार्ड उभे केले. १९४७ साली त्यासाठी कायदा झाला. होमगार्ड तुमच्याआमच्यातलाच असतो. पण त्याची रीतसर नेमणूक होते, त्याला प्रशिक्षण मिळतं आणि कामावर बोलावल्यावरच पोलिसांचे अधिकार मिळतात. चुकला तर जाब विचारायला वरिष्ठ असतात.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये मात्र २००५ पासून माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम चाललं. पुढं जेमतेम शिकलेल्या आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी नेमून हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे घटनेविरुद्ध ठरवलं आणि बंदुका परत घ्यायला सांगितलं. यात गावकऱ्यांचा जीव धोक्यात होता, तसा त्या पोरांचाही होता.

मग आपल्या गस्तीवाल्यांचं काय? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण गरजेपुरताच. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येतं. मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे उशीर न लावता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला बांधायचा, झडायचा, मारायचा अधिकार कुणालाच नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं, आठवा. पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. पाच घरं उघड्यावर पडली.

म्हणून ग्रामसभेत आपण बायांनी तीन गोष्टी मागायच्या. गस्तीवाल्यांच्या नावांची यादी पोलीस पाटील आणि ठाण्याकडे द्या. अनोळखी माणूस दिसला तर हात उगारण्याआधी ११२ ला फोन लावा. मोबाईलवर आलेली अफवा पुढं पाठवू नका. पोरगं आपलंच असतं, त्याला हे घरातूनच सांगूया.