दुसऱ्या सर्व्हरचे अर्थशास्त्र

माहिती तंत्रज्ञान हा विषय स्पर्धा परीक्षांसाठी बहुधा संज्ञा आणि सनावळीपुरताच अभ्यासला जातो. राष्ट्रीय ई-शासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाली, तिच्या अंतर्गत राज्य डेटा केंद्रे उभारण्यात आली, एवढे लक्षात ठेवले की प्रकरण संपते. परंतु शासनाची, बँकांची आणि बाजारांची खतावणी एकदा कागदावरून संगणकावर गेली की, ती ज्या यंत्रावर ठेवली आहे ते यंत्र बंद पडल्यास काय, हा प्रश्न उरतोच. तो जितका तंत्रज्ञांचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

फाइल सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांचे सामाईक कपाट होय. कार्यालयातील प्रत्येक संगणक आपल्या फायली या एका यंत्रावर ठेवतो व तेथूनच वाचतो. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेली 'नेटवर्क फाइल सिस्टिम' म्हणजेच एनएफएस ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. या रचनेत सोय मोठी आहे; पण कपाटाचे दार अडकले तर सगळे कार्यालय थांबते. म्हणून शेजारी दुसरा सर्व्हर उभा करतात. पहिला बंद पडताच काम दुसऱ्याकडे जाणे, यास फेलओव्हर म्हणतात.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी संभाव्यतेचा साधा हिशेब मांडतो. एक सर्व्हर वर्षातील ९९ टक्के वेळ चालू राहतो, असे मानले तर तो सुमारे ८८ तास बंद असतो. तसेच दोन सर्व्हर असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम ५३ मिनिटे. खर्च दुप्पट आणि बंद काळ शंभरावा हिस्सा! हा सौदा कोणासही आकर्षक वाटावा. मात्र या गुणाकारामागे एक गृहीतक दडलेले आहे. दोन्ही यंत्रांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे ते गृहीतक. दोघांचा वीजपुरवठा एक, खोली एक, वातानुकूलन एक, आज्ञावलीतील दोषही एकच असेल तर हे गृहीतक कोसळते. दोघांना एकदमच बंद पाडणाऱ्या अशा कारणाची शक्यता हजारात फक्त एक धरली, तरी बंद काळ ५३ मिनिटांवरून साडेनऊ तासांच्या पुढे जातो. तिसरा व चौथा सर्व्हर घेऊनही त्यातील पावणेनऊ तास कमी होत नाहीत.

जिवंत कोण, हे ठरवावे कोणी?

दोन्ही सर्व्हर ठरावीक अंतराने एकमेकांना 'मी चालू आहे' असा संदेश पाठवीत असतात. तंत्रज्ञ यास हृदयाचे ठोके म्हणतात. ठोके थांबले की दुसरा सर्व्हर सूत्रे हाती घेतो. वरवर पाहता यात अडचण दिसत नाही. परंतु ठोके थांबण्याचे कारण पहिला सर्व्हर बंद पडणे हेच असेल असे नाही. दोघांमधील तार तुटली असेल तरीही ठोके थांबतात. तशा वेळी दोघेही स्वतःस एकमेव वारस समजतात आणि एकाच डिस्कवर लिहू लागतात. या अवस्थेस 'दुभंगलेला मेंदू' असे नाव आहे. सर्व्हर तासभर बंद राहिल्याने होणारे नुकसान मोजता येते. दोन सर्व्हरांनी एकाच वेळी लिहून बिघडविलेली नोंदवही मात्र कित्येकदा पूर्ववत करता येत नाही.

यावरील एक उपाय राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित वाटेल. तो म्हणजे गणपूर्ती. तिसरा साक्षीदार संगणक ठेवून, ज्याच्या बाजूने निम्म्याहून अधिक मते असतील त्यानेच काम करावे असा नियम घालतात. (राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एक दशांश सदस्यांची आहे, संगणकांच्या सभेला तेवढी सवलत देता येत नाही, कारण तेथे दोन ठिकाणी दोन सभा भरण्याचा धोका असतो.) दुसरा उपाय अधिक कठोर आहे. सूत्रे घेण्यापूर्वी नवा सर्व्हर जुन्याची वीज तोडतो किंवा त्याचा डिस्कशी संबंध तोडतो. जुना खरोखर मृत आहे की नाही याचा शोध घेण्यापेक्षा तो मृत असल्याची खात्री करून घेणे स्वस्त पडते.

सूत्रे घेतल्यानंतर दुसऱ्या सर्व्हरला पहिल्याचे स्थान सर्वार्थाने चालवावे लागते. नेटवर्कवरील पत्ता तोच हवा. फाइल व्यवस्थेचा ओळख क्रमांकही तोच हवा, अन्यथा ग्राहक संगणकांना आपल्या उघड्या फायली सापडत नाहीत. कोणत्या संगणकाने कोणती फाइल कुलूपबंद केली होती, ही यादी पहिल्याच्या खासगी डिस्कवर राहिली तर ती त्याच्याबरोबरच जाते. म्हणून तीही सामाईक ठिकाणी ठेवावी लागते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नवा सर्व्हर सुरुवातीस काही काळ, लिनक्सवर सर्वसाधारणपणे ९० सेकंद, नवी कुलुपे देत नाही. या अवधीत जुन्या धारकांनी आपले हक्क पुन्हा सांगावयाचे असतात. हा अवधी शून्यावर आणण्याचा मोह अनेक व्यवस्थापकांना होतो. तसे केल्यास एकाचे कुलूप दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका असतो.

याहून मोठा मोह वेगाचा असतो. मजकूर डिस्कवर प्रत्यक्ष लिहिला जाण्यापूर्वीच 'लिहिला' असे उत्तर द्यावयाची मुभा सर्व्हरला देता येते. काम झपाट्याने होते, वापरकर्ते खूश होतात. आणि सर्व्हर कोसळला की ज्या नोंदींची पोच मिळाली होती त्याच नाहीशा झालेल्या आढळतात. रोज मिळणारा छोटा लाभ डोळ्यांना दिसतो, क्वचित होणारी मोठी हानी दिसत नाही. विमा न घेणाऱ्या शेतकऱ्याच्या वर्तनाचे जे विश्लेषण अर्थशास्त्रात केले जाते, तेच येथे लागू पडते.

अंतराची किंमत

मग दुसरे यंत्र दूरच्या शहरात का ठेवू नये? ठेवतात, परंतु अंतरालाही किंमत आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हे सरळ अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे प्रत्येक नोंद चेन्नईत पोहोचून तिची पोच परत येण्यास किमान १० मिलिसेकंद लागणार. स्थानिक डिस्कवर हेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होऊ शकते. शेअर बाजारासारख्या ठिकाणी हा विलंब परवडत नाही. परिणामी दूरच्या केंद्रातील प्रत थोडी मागे राहते आणि संकटसमयी शेवटच्या काही नोंदी गमावण्याची जोखीम पत्करावी लागते. तडजोड म्हणून जवळच एक 'निकट केंद्र' ठेवले जाते, जेथे प्रत्येक नोंद तत्क्षणी उतरते.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी नेमक्या याच रचनेची कसोटी लागली. त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुंबईतील प्राथमिक केंद्र व निकट केंद्र यांना जोडणारे दुवे एक नव्हे तर दोन दूरसंचार कंपन्यांचे होते. परंतु रस्त्यालगतच्या खोदकाम व बांधकामामुळे दोन्हींचे दुवे बाधित झाले. कंपन्या दोन, करार दोन, देयके दोन. कुदळीला मात्र हा भेद ठाऊक नव्हता. दुवे अस्थिर होताच प्राथमिक केंद्रातील साठवण यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागू लागली आणि सर्व्हरांना ती दिसेनाशी झाली. निकट केंद्रातील बिघाडाचा प्राथमिक केंद्रावर परिणाम होऊ नये, अशीच तिची रचना होती. व्यवहार जुळविणारी यंत्रणा चालू होती, परंतु जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली होती. आणि तिच्याविना बाजार चालू ठेवणे उचित नव्हते.

व्यवहार दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले व ५ वाजेपर्यंत चालले. तोपर्यंत अनेक दलालांनी ग्राहकांचे त्याच दिवशी मिटवावयाचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले होते. वेळ वाढविली जाणार, हे आधी कळते तर कित्येकांचा निर्णय वेगळा झाला असता. या ग्राहकांचे नुकसान बाजाराच्या ताळेबंदात उतरत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही बाह्यता होय, आणि म्हणूनच येथे नियामकाचे प्रयोजन निर्माण होते.

सेबीने त्याच दिवशी एक नेमका प्रश्न विचारला : व्यवहार आपत्ती-प्रतिसाद केंद्राकडे का हलविले गेले नाहीत? केंद्र चेन्नईत उपलब्ध होते. त्यावर खर्चही झाला होता. अशा प्रसंगी प्रमुखांसमोर दोन पर्याय असतात. दूरच्या केंद्राकडे जावे, तर काही नोंदी गमावण्याची व जुळवाजुळव करीत बसण्याची धास्ती. न जावे, तर 'थोड्याच वेळात दुरुस्त होईल' ही आशा. दर दहा मिनिटांनी ही आशा नव्याने वाजवी वाटते, आणि चार तास निघून जातात.

मार्च २०२१ मध्ये सेबीने हा विवेकाधिकारच आवळला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावयाची, त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज सुरू करावयाचे, अशी बंधने घालण्यात आली. किडलंड आणि प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये मांडलेला 'नियम की विवेकाधिकार' हा वाद (त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले) विद्यार्थी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात वाचतात. तोच वाद सर्व्हरच्या खोलीतही लागू पडतो, हे उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे आहे.

सराव

शासकीय खरेदीत निविदा यंत्रांची संख्या मोजते. दोन तारा एकाच चरातून गेल्या आहेत काय, हे सहसा विचारत नाही. ते कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे चालू यंत्रणा मुद्दाम बंद करून पाहणे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान प्रशासनविषयक निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी असा सराव किमान सहामाही करण्याचे बंधन आहे. सरावाचा अर्थ केवळ जाणे नव्हे, परत येणेही होय. पर्यायी केंद्रात झालेल्या नोंदी मूळ केंद्रात बिनचूक उतरवून काम परत नेणे हे पुष्कळदा अधिक जिकिरीचे असते.

शनिवार, २ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोहोंनी सुटीच्या दिवशी विशेष सत्र भरविले. सकाळी ९ वाजून १५ मिनिटांपासून १० वाजेपर्यंतचे व्यवहार प्राथमिक केंद्रातून झाले आणि ११.३० ते १२.३० चे पर्यायी केंद्रातून. सौदे खरे होते, पैसा खरा होता. केवळ भावातील चढउतारांची मर्यादा ५ टक्क्यांवर आणली होती. १८ मे २०२४ रोजी, पुन्हा एका शनिवारी, असेच सत्र झाले. दोन्ही दिवशी उलाढाल नेहमीच्या मानाने थोडी होती. आठवड्याच्या मध्यावर, भर दुपारी, पूर्ण भाराने चालू असलेला बाजार पूर्वसूचनेविना हलविणे ही कसोटी यापेक्षा निराळी आहे.