राजाजीनगरच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ



राजाजीनगरात 'ओरायन' म्हटले की आपल्याला मॉल आठवतो. मी बोलणार आहे ते आकाशातल्या ओरायनबद्दल, म्हणजे आपल्या मृग नक्षत्राबद्दल. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आपण सर्वांनी लहानपणी गावी पाहिला आहे. त्याच्या जरा दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो आहे सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा प्रचंड ढग, म्हणजेच तेजोमेघ.

ऑफिसातले मित्र हमखास विचारतात, "बंगळूरच्या एवढ्या उजेडात याचा फोटो येतो कसा? रंग कॉम्प्युटरवर भरता ना?"

उत्तरासाठी पुण्याला जाऊ. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तेव्हा नॉर्मन लॉकियर या बड्या शास्त्रज्ञाचे म्हणणे होते की तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून त्यांच्या प्रकाशातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे. तसे असते तर ती एका बाजूने पसरट दिसली असती. नायगमवालांनी याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. रेषा बारीक आणि रेखीव निघाली. १८९१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. ती रेषा ऑक्सिजनची, हे १९२७ साली बोवेन यांनी दाखवले.

ही रेखीव रेषाच आपल्या कामी येते. ढगातल्या तरुण, तप्त ताऱ्यांमुळे वायू स्वतः प्रकाशतो, पण मोजक्याच रंगांत: हायड्रोजनचा लाल ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनचा हिरवा ५००.७ला. रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांत मात्र सगळे रंग मिसळलेले असतात. म्हणून मी कॅमेऱ्यापुढे फक्त हे दोन पट्टे सोडणारा फिल्टर लावतो. शहराचा बहुतेक उजेड बाहेर अडतो, ढगाचा आत येतो. माझी दुर्बीण अवघी ८० मिलिमीटरची. पृथ्वी फिरते म्हणून खालची मोटर तारे धरून ठेवते. दोन-दोन मिनिटांचे साठ फोटो घेऊन कॉम्प्युटरवर एकावर एक रचतो. मधला भाग फार तेजस्वी, त्यासाठी पाच-पाच सेकंदांचे वेगळे. लाल रंग खराच असतो; मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत, एवढेच.

पण फिल्टरची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सर्व रंगांचा. तो दिव्यांपासून वेगळा काढता येत नाही. तिथे दिवे कमी करणे हाच उपाय.

आणखी एक. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. ती वेधशाळा आज आपल्या कोरमंगलातल्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे. उपकरणांची सोय झाली, पण पुण्यात काम पुढे नेणारे कोणी उरले नाही. एकट्याच्या हौसेचे असेच होते.

म्हणून विनंती. डिसेंबरात मृग संध्याकाळीच उगवतो. मुलांना गच्चीवर पाठवा. मोटर जुळवण्यापासून फोटो रचण्यापर्यंत सारे त्यांच्याकडून करून घेईन. आणि त्या रात्री दहानंतर गच्चीवरचे नको असलेले दिवे मालवा.