आपला माणूस दिल्लीला गेला की आपल्याला काय मिळतं? शंकरराव चव्हाण आणि ६० टीएमसीची गोष्ट

आजचा विषय राजकारणाचा आहे, पण लगेच स्किप करू नका. कुणाचा प्रचार नाही, कुणावर टीका नाही. मी उमरीचा, बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे आज पण आकडे, नियम आणि सिस्टीम कशी चालते, याच भाषेत बोलणार आहे.

प्रश्न साधा आहे. आपल्याकडचा एखादा नेता नगरपालिकेतून सुरू होतो, आमदार होतो, मंत्री होतो आणि शेवटी राज्यसभेत जाऊन बसतो. गावात पेढे वाटले जातात, स्टेटसला फोटो लागतात, "आपला माणूस दिल्लीत गेला!" ठीक आहे, गेला. पण मग आपल्याला काय मिळतं?

याचं उत्तर शोधायला नांदेडसारखा दुसरा जिल्हा सापडायचा नाही. मराठवाड्यानं महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. आता बघा, चौघांचंही राजकारण नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांतलं. आणि दिल्लीपर्यंतचा सगळ्यात लांब प्रवास शंकररावांचा. म्हणून आज त्यांचीच गोष्ट.

त्यांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. शिक्षण वकिलीचं. हैदराबाद मुक्तिसंग्राम सुरू झाला तेव्हा ते त्यात उतरले आणि उमरखेडच्या कॅम्पची जबाबदारी त्यांनी सांभाळली. उमरखेड म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर. त्याच काळात, ३० जानेवारी १९४८ ला, आपल्या उमरीत बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली होती, हे आपल्याकडच्या शाळेत प्रत्येकानं ऐकलेलं आहे. सांगायचं कारण एवढंच, की ही पिढी सरकारशी आधी लढली आणि नंतर सरकार चालवायला शिकली.

पुढं ते नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, मग आमदार. द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्यांच्याकडं पाटबंधारे खातं आलं. साठच्या दशकातली बरीच वर्षं ते या खात्यात होते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. म्हणजे धरण सुरू झालं तेव्हा पाटबंधारे मंत्री असलेला हा माणूस मुख्यमंत्री होऊन बसला होता, आणि धरण कुठं? त्याच्याच जन्मगावी, पैठणला. नांदेडचा विष्णुपुरी प्रकल्प पण त्यांच्याच आग्रहाचा. आज त्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात.

मुख्यमंत्री ते दोनदा झाले. १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८. शिस्तीमुळं लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. मधल्या काळात काँग्रेसपासून वेगळे झाले, पुलोद सरकारात मंत्री झाले, परत काँग्रेसमध्ये आले. १९८० आणि १९८४ ला नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले. केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह अशी खाती सांभाळली. १९८८ ला मुख्यमंत्रिपद सोडून केंद्रात अर्थमंत्री झाले आणि राज्यसभेत गेले. तिथं ते २००२ पर्यंत होते. १९९१ ते १९९६ नरसिंह रावांच्या सरकारात गृहमंत्री आणि राज्यसभेचे सभागृह नेते.

इथं एक गंमत सांगतो. १९८९ चा केंद्रीय अर्थसंकल्प शंकररावांनी लोकसभेत मांडला. पण ते राज्यसभेचे खासदार! म्हणजे ज्या सभागृहात त्यांनी देशाचा हिशेब मांडला, तिथं त्यांना स्वतःला मत देता येत नव्हतं. घटना सांगते की मंत्री दोन्हीकडं बोलू शकतो, मत मात्र आपल्याच सभागृहात. आणि पैशाच्या विधेयकाला राज्यसभा अडवू शकत नाही, फार तर १४ दिवस ठेवून शिफारशी करू शकते.

आता ही राज्यसभा नेमकी चालते कशी, ते दोन मिनिटांत समजून घेऊ. महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. मुदत ६ वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. मतदान तुम्ही-आम्ही करत नाही, आमदार करतात. गणित असं : एकूण आमदार भागिले, जागा अधिक एक. समजा ६ जागा आहेत आणि २८८ आमदार मत देणार आहेत. २८८ भागिले ७, येतात ४१ आणि थोडे. म्हणजे निवडून यायला पहिल्या पसंतीची साधारण ४२ मतं पाहिजेत.

हा आकडा जरा डोक्यात ठेवा. आपल्या नांदेड जिल्ह्यात आमदार किती? ९. अख्ख्या मराठवाड्यात? ४६. म्हणजे एका राज्यसभेच्या जागेसाठी जवळपास सगळ्या मराठवाड्याएवढे आमदार लागतात! त्यामुळं कुणी कितीही मोठा स्थानिक नेता असू द्या, राज्यसभेत तो फक्त जिल्ह्याच्या बळावर जात नाही. पक्ष पाठवतो तेव्हा जातो. हे चांगलं की वाईट ते नंतर ठरवू, आधी हे आहे असं, हे लक्षात घेऊ.

ताजं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातून ६ जण राज्यसभेवर बिनविरोध गेले. त्यात दोन नांदेडचे होते, अशोक चव्हाण आणि डॉ. अजित गोपछडे. अशोकराव १३ फेब्रुवारीला काँग्रेसमधून भाजपमध्ये आले आणि २० तारखेला खासदार झाले. एक आठवडा! लोकसभेला सहसा असं होत नाही, तिथं उन्हातान्हात प्रचार करावा लागतो, मतदान होतं, मोजणी होते.

लातूरचं उदाहरण पण बघा. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा लातूरमधून लोकसभेवर गेले, लोकसभेचे अध्यक्ष झाले. २००४ ला हरले. आणि त्याच वर्षी देशाचे गृहमंत्री झाले आणि राज्यसभेत गेले. लातूरच्या मतदारानं 'नको' म्हटलं तरी दिल्लीचा दरवाजा उघडाच राहिला.

जगात सगळीकडं असंच चालतं का? नाही. इटलीत सिनेट आहे, आपल्या राज्यसभेसारखंच वरचं सभागृह. तिथं २०० सिनेटर लोक थेट मत देऊन निवडतात, आपापल्या प्रदेशातून. २०१६ साली तिथल्या पंतप्रधानांनी प्रस्ताव आणला की सिनेट छोटं करू आणि सदस्य प्रादेशिक परिषदांनी निवडावेत. थोडक्यात, आपल्या राज्यसभेसारखं. ४ डिसेंबर २०१६ ला सार्वमत झालं आणि जवळपास ५९ टक्के लोकांनी 'नको' म्हणून सांगितलं. पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे तिथल्या लोकांनी आपलं मत हातातून सोडलं नाही.

मग आपल्याकडं राज्यसभेचा उपयोगच नाही का? तर तसं पण नाही, आणि इथंच आपण पाण्यावर येऊ.

उमरीहून रेल्वेनं निजामाबादकडं निघालं की धर्माबाद लागतं, मग बासर, आणि बासर ओलांडलं की गोदावरीचा मोठा पूल. आपल्या हद्दीतून वाहत आलेली नदी तिथं दुसऱ्या राज्याची होते. खाली पोचंपाडचं धरण आहे, श्रीराम सागर. आपल्याकडं पाऊस पडतो, पाणी खाली जातं, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो. हे किती वर्षांचं दुखणं आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आता १९७५ मध्ये जाऊ. गोदावरीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत भांडण होतं, लवाद बसला होता. ६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. करारात काय ठरलं? पैठणच्या धरणापर्यंतचं पाणी महाराष्ट्रानं वापरायचं. आणि पैठणच्या खाली, पोचंपाडपर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्रानं नव्या कामांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरायचं. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. पुढं लवादाच्या निवाड्यात हा करार सामील झाला.

६० हा आकडा कागदावर लिहिला गेला. तेव्हा कुणी त्यावर पेढे वाटले असतील असं वाटत नाही. पण पुढं काय झालं बघा. आपल्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा बांधायला घेतला. क्षमता २.७४ टीएमसी. आंध्र प्रदेश २००६ ला सर्वोच्च न्यायालयात गेला, की हे आमच्या पोचंपाडच्या पाण्यात बांधताहेत. आंदोलनं झाली, दोन्हीकडं वातावरण तापलं. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. बंधारा राहिला! अटी घातल्या : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे, म्हणजे पावसाळ्याचं पाणी खाली जाऊ द्यायचं, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. महाराष्ट्राची बाजू कशावर उभी होती? त्या ६० टीएमसीवर. १९७५ चा आकडा, तब्बल ३८ वर्षांनी कामाला आला. तोपर्यंत शंकरराव हयात नव्हते. २६ फेब्रुवारी २००४ ला ते गेले.

अर्थात सगळं छान झालं असं पण नाही. बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळाभर उघडे असतात, त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटी नदीत जे वाहतं त्यातूनच काय ते अडवायचं. परतीचा पाऊस रुसला तर काय अडवणार? आणि पैठणच्या वरचं पाणी महाराष्ट्राचं, एवढं करार सांगतो, पण महाराष्ट्रात ते नाशिक-नगरनं किती घ्यायचं आणि जायकवाडीत किती सोडायचं, ते भांडण आजही दर दुष्काळात होतं. पण विचार करा, तो ६० चा आकडाच नसता तर आपण न्यायालयात काय दाखवलं असतं?

आता माझा मुद्दा. शंकररावांची कारकीर्द बघितली तर सगळ्यात मोठी पदं त्यांना दिल्लीत मिळाली. गृह, संरक्षण, अर्थ, सभागृह नेते. ते गृहमंत्री असताना ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा देशाचा गृहमंत्री नांदेडचा आणि लोकसभेचा अध्यक्ष लातूरचा, इतकी वजनदार माणसं मराठवाड्याची दिल्लीत होती. तरी आपल्या भागाला जे कायमचं मिळालं, जायकवाडी, विष्णुपुरी, ६० टीएमसी, ते बहुतेक सगळं त्यांच्या राज्यातल्या वर्षांमधलं आहे. कारण पाणी हा मुळात राज्याचा विषय आहे, आणि राज्यात त्यांच्याकडं खातं होतं, सही होती.

म्हणून 'आपला माणूस दिल्लीत गेला' यावर खूश व्हायला हरकत नाही, पण पद मोजू नका. त्यानं काय लिहून घेतलं ते मोजा. नदी दोन राज्यांत वाहते, तेव्हा दिल्लीत आपली बाजू मांडणारा कुणीतरी लागतोच. राज्यसभा म्हणजे राज्यांचं सभागृह, ती त्यासाठीच आहे. पण त्या खासदाराला आपण मत दिलेलं नसतं, त्यामुळं पाच वर्षांनी दारात गाठून विचारायची सोय नसते. मग आधीच विचारायचं.

कसं विचारायचं? मोबाईल हातात आहेच. संसदेच्या वेबसाइटवर जा, खासदाराचं नाव टाका. त्यांनी कोणते प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत भाग घेतला, सगळं दिसतं. त्यात गोदावरी, बाभळी, नांदेडची रेल्वे हे शब्द शोधा. दुसरं, प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. लोकसभेचा खासदार तो मुख्यतः आपल्या मतदारसंघात देतो, राज्यसभेचा खासदार मात्र निवडून आलेल्या राज्यात कुठल्याही जिल्ह्यात देऊ शकतो. म्हणजे उमरी तालुक्यातल्या ग्रामपंचायतीनं नांदेडच्या राज्यसभा खासदाराला पत्र लिहिलं, तर 'आमच्या मतदारसंघात येत नाही' हे उत्तर चालणार नाही. राज्यसभेच्या खासदाराला अख्खा महाराष्ट्रच मतदारसंघ!

तर मंडळी, या आठवड्यात एवढं करा. एक नाव शोधा, त्यांचे प्रश्न वाचा आणि तुम्हाला काय सापडलं ते मला व्हॉइस नोटनं पाठवा. चांगलं सापडलं तर चांगलं सांगा, काहीच नाही सापडलं तर तसं सांगा. पुढच्या भागात आपण तुमच्याच नोट्स ऐकू. घरातल्या मोठ्या माणसांनी शंकररावांची एखादी सभा ऐकलेली असेल तर त्यांना पण विचारा, आणि त्यांच्याकडं स्मार्टफोन नसेल तर हा एपिसोड स्पीकरवर लावून ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी जपून वापरा. रामराम!