पळेल की! पण वाट किती पाहायची?

बाळ अजून पळत नाही म्हटलं, की घरची मोठी माणसं हमखास सांगतात, 'त्याचा बाप पण उशिराच चालला होता!' बऱ्याचदा ते खरंही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांत कधीही एकटी चालू लागली. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलं पळतात, धडपडतात. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना नको.

पण 18 महिने झाले तरी चालत नाही, दोन वर्षं उलटली तरी पळत नाही, कायम चवड्यांवरच चालतं, लंगडतं, असं असेल तर डॉक्टरांना विचारा. जमत होतं ते बंद झालं, तर लगेच दाखवा.

सेनगाव असो की कळमनुरी, सुरुवात गावातल्या अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे मुलांची मोफत तपासणी करतं. पथक यायला वेळ असेल, तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आणि हो, चालण्याचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा. दवाखान्यात गेल्यावर पोरं कडेवरून खालीच उतरत नाहीत! काही निघालं, तर व्यायाम-उपचार लवकर सुरू होतील. नाही निघालं, तर निवांत झोपाल.