पूल आणि सही



भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. मग रुळांवरून जाणाऱ्या पुलाच्या मंजुरीचा विषय आम्ही येथे का काढला, असे आपण विचाराल. आपली मुले पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात व रोज अशा पुलांवरून चालतात, म्हणून. शिवाय पूल पडणे म्हणजे काय, हे वरंधा घाट उतरून महाडास जाणाऱ्यांना सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यासरशी एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या.

त्या जागी १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. मग अंधेरीच्या गोखले पुलास वर्षे का लागावीत? ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. दोघांचा जीव गेला. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू खुली झाली आणि ११ मे २०२५ ला सारा पूल. लोक म्हणतात, रेल्वेच्या सहीने घोळ घातला. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे.

सावित्रीखाली पाणी वाहते. अंधेरीखाली दिवसभर माणसांनी भरलेल्या गाड्या धावतात. तेथे एकेक गर्डर ९० मीटर लांब आणि सुमारे १३०० टन वजनाचा. तो चढवावयाचा तर गाड्या थांबवाव्या लागतात, वरच्या तारेतील पंचवीस हजार व्होल्टची वीज तोडावी लागते. म्हणून आधी आराखडा रेल्वेने मान्य करावयाचा आणि चालू मार्गावरच्या कामास रेल्वे सुरक्षा आयुक्तांची संमती घ्यावयाची.

हे आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नाहीत, हे ध्यानात घ्या. १९४१ साली ही तपासणी रेल्वे बोर्डापासून तोडण्यात आली. आज ते खाते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. गाडी चालविणाऱ्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. १९४८ च्या कारखाना कायद्यातील निरीक्षक मालकाचा नोकर नसे, तसेच हे. आम्ही कामगारांनी असल्या सहीला अडथळा म्हणू नये. ती सही गँगमनच्या आणि मोटरमनच्या डोक्यावरचे छप्पर आहे.

मग दोष कोठे? गोखले पूल रेल्वेच्या नियमाप्रमाणे उंच झाला आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्याच उंचीवर राहिला. दोहोंत दीड-दोन मीटरचे अंतर! सारी मुंबई हसली. पुढे जुन्या पुलाचा तो भाग उचलून ४ जुलै २०२४ ला वाट जोडली. दोन कचेऱ्यांतले दोन कागद वेळीच एका टेबलावर मांडले असते, तर हा खटाटोप करावा लागला नसता.

विलंबाचाही कोणी तरी धनी असतोच. पूल बंद पडला की वळसा घालणाऱ्या रोजंदारीवाल्याची हजेरी बुडते. घाई केली तर रुळावरचा मजूर मरतो, दिरंगाई केली तर रस्त्यावरचा मजूर उपाशी राहतो. दोघेही आपलेच. एकाला वाचवावयास दुसऱ्याचा बळी द्या, असे जो सांगेल त्याचे ऐकू नका.

म्हणून मागणी करावयाची ती नेमकी करा. तपासणी गाळा असे म्हणू नका. रस्तेवाले आणि रेल्वेवाले यांनी आराखडा पहिल्या दिवसापासून एकत्र बसून करावा. प्रत्येक सहीला मुदत असावी. आणि कागद आज कोणाच्या टेबलावर आहे, हे कामाच्या जागी फळ्यावर लिहिलेले असावे. नाव दिसले की हात हलतो, हा संघटनेतला आमचा अनुभव आहे.

उद्या आपल्या भागात नदीवर, ओढ्यावर पूल व्हावयाचा असेल तेव्हाही हेच विचारा : तपासले कोणी, आणि अडले कोठे?