वेदना, मन आणि शरीराचे स्वतःचे औषध
(वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभरातील कामाचा हिशेब या अहवालात अन्यत्र आहेच. आज आम्ही आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार घडणाऱ्या एका प्रसंगाविषयी बोलणार आहोत.

छत्रपती संभाजीनगरातून, तसेच पैठण, वैजापूर, अंबड या भागांतून वृद्ध रुग्ण आमच्याकडे येतात. नागीण बरी होऊन महिने लोटलेले असतात. पण बरगडीवरची आग काही थांबत नाही. आम्ही रात्री घेण्यासाठी अमिट्रिप्टिलीनची लहानशी गोळी लिहून देतो. पुढल्या खेपेस मुलगा काहीशा रागाने म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, ही तर नैराश्याची गोळी निघाली. आमच्या आईच्या डोक्याला काही झालेले नाही. आम्ही ती बंद केली.’’ शेजारी आई मान खाली घालून बसलेली असते. आपले दुखणे कोणालाच खरे वाटत नाही, असे तिला वाटू लागलेले असते.

या गैरसमजाचे उत्तर आपल्या मेंदूच्या रचनेत आहे.

१९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या मध्यमेंदूतील एका भागाला विद्युतप्रवाहाने उत्तेजित केले, तेव्हा भुलीच्या औषधाविना शस्त्रक्रिया करता आली. वेदना आवरण्याची व्यवस्था निसर्गाने मेंदूतच ठेवली आहे, हे त्यातून दिसले. पुढे १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ‘एन्केफॅलिन’ ही द्रव्ये वेगळी केली. अफूपासून मिळणारे मॉर्फिन ज्या ग्राहींवर काम करते, त्यांच्यावरच ही द्रव्येही काम करतात. शरीराचे हे जणू घरचेच औषध होय.

सेरोटोनिनचा शोध त्याआधीचा. १९४८ साली ते रक्तातून वेगळे करण्यात आले. लोक त्याला मनःस्थितीशी जोडतात. परंतु वेदना आवरण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा आहे. मध्यमेंदूतील काही पेशी या व्यवस्थेचा लगाम सतत ओढून धरतात. एन्केफॅलिनसारखी द्रव्ये तो लगाम सैल करतात. मग मेंदूच्या खोडातील पेशींना संदेश जातो आणि त्यांचे लांब तंतू खाली मज्जारज्जूत सेरोटोनिन सोडतात. नॉरॲड्रिनलिन हे दुसरे द्रव्यही त्याच्या सोबतीला असते. त्यांच्या प्रभावाने वर जाणारा वेदनेचा संदेश मंदावतो. इतकेच नव्हे, तर मज्जारज्जूतील लहान पेशी पुन्हा एन्केफॅलिन सोडू लागतात. अशा रीतीने एकाचे काम दुसरा पुढे नेतो.

अमिट्रिप्टिलीन हे सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन चेतासंधीत अधिक काळ टिकवून धरते. वेदनेसाठी दिलेली त्याची मात्रा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा बहुधा कमी असते. ही गोळी दिली म्हणजे वेदना काल्पनिक ठरविली, असे मुळीच नाही. खऱ्या वेदनेवर तिच्याच वाटेवर केलेला तो उपाय आहे.

मात्र सेरोटोनिन जितके अधिक तितकी वेदना कमी, इतके हे गणित सोपे नाही. काही ग्राहींवर तेच द्रव्य वेदना वाढवितेही. शिवाय ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अफूवर्गीय ग्राहींवर आणि सेरोटोनिनवर, असे दोन्हीकडे काम करते. नैराश्यावरील काही गोळ्यांबरोबर ते घेतल्यास थरकाप, घाम, ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि भ्रम अशी गंभीर अवस्था क्वचित उद्भवू शकते. म्हणून नातेवाइकांना आमची कळकळीची विनंती आहे : घरातील सर्व गोळ्या, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्याही, पिशवीत घालून सोबत आणाव्यात. कोणतीही गोळी लपवू नये आणि परस्पर बंद करू नये.

आणखी एक गोष्ट. १९७८ साली अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. औषधाचा अंश नसलेल्या उपचारानेही ज्यांची वेदना कमी झाली, त्यांना अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन देताच वेदना पुन्हा वाढली. अर्थात, उपचारावरील विश्वासालाही शरीरात रासायनिक आधार असतो. धीराचे शब्द औषधाची जागा घेत नाहीत. पण ते वायाही जात नाहीत.

देणगीदारहो, आपण दिलेले यंत्र सर्वांना दिसते. गोळी का दिली, हे आजीला आणि तिच्या मुलाला समजावून सांगण्यात गेलेला अर्धा तास कोणत्याही फलकावर कोरला जात नाही. तरीही त्या अर्ध्या तासावाचून ती गोळी घरी जाऊन उकिरड्यावर पडते. वेदनाग्रस्तांशी बोलण्यासाठी स्वतंत्र वेळ आणि प्रशिक्षित समुपदेशक असावा, यासाठी आपण साहाय्य करावे, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.

आणि त्या मान खाली घातलेल्या आईला आम्ही सर्वांसमक्ष सांगू इच्छितो : माउली, तुमचे दुखणे खरे आहे.